तुझी जेवनी बाजू

कोकिळा,

गेल्या गुरुवारी तुझं सुतक फिटलं, त्या गंधमुक्तीच्या जेवणात तुझ्या नावानं वाढलेलं पान उलटं होतं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. शाळेच्या फलकासाठी तुझ्यावर चार ओळी लिहायच्या म्हणून बसले होते. 'प्रकाशा गावातल्या पहिल्या महिला मोटार मिस्त्री' असं लिहिलं आणि खोडलं. तू वाचलं असतंस तर मान तिरकी करून म्हणाली असतीस, "हाई काय शे, बाई? मन्ही निवडनूक शे का?" म्हणून ते राहू दे. तुझ्याशीच बोलते. तसंही आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, आणि ते आता मला एकटीलाच मिटवायचं आहे.

आपली ओळख झाली तीही एका भांडणानंच. मी बंद पडलेला टेबलफॅन घेऊन तुमच्या रिवाइंडिंगच्या दुकानात आले होते. तुझे यजमान नानाभाऊ बाहेर कुणाशी तरी विहिरीवरच्या मोटारीबद्दल बोलत होते, म्हणून मी त्यांची वाट बघत उभी राहिले. मिस्त्री तेच असणार, असं मी धरून चालले होते. तू आत गोणपाटावर बसून लाकडी साच्यावर तांब्याची तार गुंडाळत होतीस. वर न बघता म्हणालीस, "ठेवी दे तठे. बिघडना का बिघाडा?" मी म्हटलं, काय फरक पडतो? तर म्हणे, "बिघडना व्हई तं पंखानी चूक. बिघाडा व्हई तं तुन्ही." मी हायस्कुलात विज्ञान शिकवणारी बाई. मला असं तोंडावर कोणी विचारलं नव्हतं. मी रागानं म्हटलं, आपोआप बंद पडलाय. तू पंखा उघडलास, आत अडकलेली माझ्या केसांची पिन काढून माझ्या हातात ठेवलीस आणि पुन्हा तार गुंडाळायला लागलीस.

त्यानंतर नऊ वर्षं. दर शनिवारी शाळा सकाळची असायची, सुटली की मी डबा घेऊन थेट दुकानात. नानाभाऊ विहिरीवर मोटार काढायला नाहीतर बसवायला गेलेले असायचे. आपण जुना पेपर अंथरून जेवायचो, आणि जेवता जेवता तू मला विचारायचीस ते प्रश्न माझ्या वर्गात कोणी विचारत नसे. लोहचुंबक तापवलं तर ते विसरतं का? वीज तारेच्या आतून जाते की अंगावरून? मी पुस्तकातलं सांगायचे, तू हातातलं सांगायचीस. कितीदा तरी तुझंच बरोबर निघायचं. मी ते तेव्हा मान्य करायचे की नाही, हे आता आठवायचा प्रयत्न करतेय. बहुतेक नाही. मला चुकलेलं मान्य करायला वेळ लागतो, हे तुला ठाऊकच आहे.

बंबाची कल्पना तुझी. तुझ्या माहेरी, तू लहान असताना, कडब्याची गंजी पेटली. शहाद्याहून आगीचा बंब आला आणि भलत्याच गल्लीत शिरून उभा राहिला. तोवर सगळी राख. हे सांगताना तू पोट धरून हसायचीस, गंजी तुमचीच होती तरी. "पानी व्हतं, पाइप व्हता, मानसं व्हतात, पन बंबले आगच सापडनी नही." आणि मग एका शनिवारी भाकरीचा तुकडा हवेत तसाच धरून म्हणालीस, "बाई, आपन असा बंब करूत, जो सोताच आग धुंडी काढी."

आपलं दोघींचं मिळून वय शंभराच्या वर, आणि आपण खेळणं करायला बसलो. मी नंदुरबारला गेले होते तेव्हा रिमोटवर चालणारी गाडी आणली. तू ती पाच मिनिटांत उघडी केलीस. वर पाणी उडवणारं नळकांडं बसवलंस, ते फिरवायला जुन्या सीडी प्लेयरची मोटार, पाण्याला जीपच्या काचेवर फवारा मारणारा छोटा पंप, टाकी म्हणून शाम्पूची बाटली. नळकांड्याच्या दोन बाजूंना शेंगदाण्याएवढे दोन डोळे, उजेड ओळखणारे, आणि त्यांच्यामध्ये काळ्या पुठ्ठ्याची भिंत. मी फळ्यावर शिकवावं तसं शिकवलं, की ज्या डोळ्यावर उजेड जास्त पडेल त्या बाजूला नळकांडं वळणार, आणि दोन्हीवर सारखा पडला की थांबणार. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजे दोन्ही डोयास्ले सारखंच दिसनं का मान थांबी." मी पाऊण तास घालवला होता त्याला.

गाडी आपण रिमोटनं चालवायची, नेम तिनं धरायचा, पाणी पुन्हा आपण बटन दाबून सोडायचं, असं ठरलं. रंग म्हणून तू वाइंडिंगवर लावायचं लाल व्हार्निश दोनदा फिरवलंस. पहिल्यांदा मेणबत्ती विझली तेव्हा तू नानाभाऊंना हाक मारलीस, शेजारच्या टायरवाल्याला हाक मारलीस, आणि ते येईपर्यंत दुसरी मेणबत्तीही विझवून टाकलीस. मला इतका आनंद झाला होता की मी ओल्या फरशीवर बसले होते, आणि ते घरी जाईपर्यंत लक्षात आलं नाही.

भांडलो ते दोन मेणबत्त्यांवरून. दोन सारख्या मेणबत्त्या थोड्या अंतरावर लावल्या की बंब इकडे वळायचा, तिकडे वळायचा आणि मधोमध थांबायचा. पाणी दोन्हींच्या मधून जायचं. मी म्हटलं हा दोष आहे, काढायला हवा. तू म्हणालीस, "दोन्ही सारख्याच पेटेल शेतस, त्यानी तरी काय करानं?" मी म्हटलं, यंत्रानं निर्णय घ्यायला हवा. तू म्हणालीस, "तू घेस का?" तीन शनिवार आपण ह्यावर बोललो. तुझा काही नेम नाही, असं मी चिडून म्हणाले, तर तू बंबाकडे बोट दाखवून म्हणालीस, नेम त्याच्याकडे दिलाय. हे भांडणही तसंच राहिलं.

पण खरं भांडण प्रदर्शनाचं.

हिवाळ्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, आणि बंब तिथं ठेवायचं मीच ठरवलं. तू तयार नव्हतीस. "तठे साहेब लोक येतीन" म्हणत होतीस. मी हट्ट केला. नेताना डोळे मोडू नयेत म्हणून तू ते काढून काड्यापेटीत ठेवलेस, आणि प्रत्येक तारेला सुती फीत गुंडाळून त्यावर बॉलपेननं लिहिलंस. एकीवर 'जे', एकीवर 'डा'. जेवनी बाजू आणि डावी बाजू. आपल्याकडे उजव्या हाताला जेवना हातच म्हणतात, माझी आजीही तेच म्हणायची, त्यामुळे मला काही विचारावंसं वाटलं नाही. तू म्हणालीस, "मी येस तवर थांब." त्याच सकाळी कुणाच्या तरी केळीला पाणी भरायची मोटार जळून आली आणि तू दुकानात अडकलीस. इकडे पाहुणे लवकर आले. मी थांबले नाही. 'जे'ची तार उजव्या डोळ्याला जोडली, 'डा'ची डाव्या.

पुढचं तू दारातून बघितलंस. ग्रंथालयाचे पडदे ओढलेले, टेबलावर मेणबत्ती, शेजारी पाहुणे, एक निवृत्त मुख्याध्यापक, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. मी माइकवर सांगितलं की आता हा बंब आपोआप ज्योतीकडे नेम धरेल. बंबानं ज्योतीकडे पाठ फिरवली. मी गाडी मागे घेतली, पुन्हा आणली. पुन्हा पाठ. वळेल, वळेल म्हणून मी बटन दाबलं आणि सगळं पाणी त्यांच्या पोटावर. सगळी शाळा हसली. तेही हसले, बिचारे. आणि मी माइकमध्येच म्हणाले, "ह्याचं वायरिंग मी केलेलं नाही, बाहेर एका दुकानातून करून घेतलंय."

एका दुकानातून. हे दोन शब्द मी गेले सहा महिने गिळायचा प्रयत्न करतेय. तुझं नावसुद्धा घेतलं नाही मी. बक्षीस मिळालं असतं तर काय म्हणाले असते? 'मी आणि माझ्या मैत्रिणीनं' असं म्हणाले असते, हे मला खात्रीनं सांगता येत नाही, आणि हेच मला सगळ्यात वाईट वाटतं.

लोक गेल्यावर तू आत आलीस. हातांना व्हार्निश होतं. फरशीवरचं पाणी तूच पुसलंस. नंतर एवढंच म्हणालीस, "मी बरोबर लिखेल शे. एकदा देख तं खरं." मी म्हटलं, तू लिहिलंस तसंच मी जोडलं. तू म्हणालीस, "मंग आन दुकानवर, मी देखस." मी हो म्हटलं, बंब पिशवीत घातला, पिशवी प्रयोगशाळेच्या कपाटात टाकली आणि आणली नाही. आधी रागानं, मग परीक्षांमुळे, मग लाजेनं. मला वाटत राहिलं की तुझी चूक निघाली तर तुला वाईट वाटेल. खोटं आहे हे. माझी निघाली तर, अशी भीती होती.

त्यानंतर मी दुकानात कमी यायला लागले. आले तरी बंबाचा विषय दोघी टाळायचो. उन्हाळ्यातला एक शनिवार मात्र डोळ्यासमोर लख्ख आहे. मी शेवभाजी आणली होती. तू जेवताना रस्सा सांडलास, एकदा पेपरवर, एकदा साडीवर. मी म्हटलं, "लहान पोरीसारखी सांडतेस काय गं?" तू पदर बाजूला धरून तसंच पुढे जेवलीस, आणि मग उठून नळाखाली साडीचा डाग चोळत बसलीस. नऊ वर्षांत आपण किती वेळा जेवलो असू. त्यातलं हे एकच जेवण मला घासाघासानं आठवतंय, कारण तू सांडत होतीस.

आषाढात तू गेलीस. दुपारी दुकानातच. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

आता त्या पानाचं. तुझ्या लेकीनं, मनीषानंच वाढलं होतं. वरण, बट्टी, वांग्याची भाजी, सगळं होतं, पण चटणी आणि लिंबू उजवीकडे, भाजी डावीकडे. तुझ्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "पोरी, पान उलटं वाढं का तू?" मनीषा रडत नव्हती, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "उलटं नही, आजी. आई डाव्या हाते जेवे."

लिहायचीस तू उजव्या हातानं, कारण शाळेत तेवढा मार खाल्ला होतास, हेही मला मनीषानंच सांगितलं. पेचकस, कात्री, तारांच्या जोडांना डाग द्यायची तापती कावी, सगळं उजव्या हातात, कारण नानाभाऊंनी तसं शिकवलं. जेवण तेवढं डाव्या हाताकडे राहिलं. म्हणजे तुझा जेवना हात डावा. तू 'जे' लिहिलंस तेव्हा तू तुझा हात बघून लिहिलंस, आणि मी 'जे' वाचलं तेव्हा माझा. 'डा'चं काय, असं मी स्वतःशीच विचारलं. ह्याचं उत्तर मला अजून नीट लागत नाही. एक बाजू जेवनी ठरली की दुसरीला डावी म्हणायचं, मग ती कुठलीही असो, असं तू लहानपणी मनाशी जुळवून घेतलं असशील. की काही वेगळंच होतं? हे तुलाच विचारायला हवं होतं.

मी मनीषाला म्हटलं, "अगं, नऊ वर्षं मी तिच्यासोबत जेवले. मला कसं दिसलं नाही?" ती म्हणाली, "भायेरनं कोनी उनं का आई हात बदली ले. पंगतमा बी उजव्या हातेच जेवे. तुम्ही उनात तं नही बदले. म्हने, बाई घरनी शे."

बाई घरची आहे. आणि घरच्या बाईला दिसलं नाही. भाकरी मोडायला दोन्ही हात लागतात, अशी मी स्वतःची समजूत घालून बघितली. पण घास तर एकाच हातानं तोंडात जातो, कोकिळा.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी कपाट उघडलं. पिशवीवर धूळ होती. फितीवर तुझं अक्षर तसंच. ग्रंथालयाचे पडदे ओढले, 'जे'ची तार डाव्या डोळ्याला जोडली, 'डा'ची उजव्या, मेणबत्ती लावली. बंब वळला. थोडा जास्तच वळला, थोडा मागे आला, ज्योतीसमोर थांबला. मी बटन दाबलं आणि ज्योत विझली. धूर वर गेला आणि मी तिथंच, भर दुपारी, शाळेच्या ग्रंथालयात मोठ्यानं रडले. शिपाईमावशी येऊन दारातून बघून गेल्या.

बिघडला की बिघाडला, असं तू पहिल्या दिवशी विचारलं होतंस. बिघाडला. मी.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी माइक मागून घेतला. तुझं पूर्ण नाव घेतलं. सांगितलं की त्या बंबाचं सगळं वायरिंग तुझं होतं आणि ते बरोबर होतं, जोडताना चूक माझी झाली, आणि दोष मात्र मी दुसऱ्यावर टाकला. जेवना हात वगैरे सांगितलं नाही. ते आपल्या दोघींचं आहे. मुलांना कितपत कळलं कोण जाणे. नानाभाऊंना मी मुद्दाम बोलावलं होतं. ते फाटकाजवळ टोपी हातात घेऊन उभे होते. नंतर म्हणाले, "ती ऱ्हाती तं तिले आवडतं, बाई." एवढंच.

मला वाटलं होतं, हे केलं की मोकळं वाटेल. तिथंच चुकलं. कारण जाता जाता नानाभाऊ आणखी एक बोलून गेले. "दोन-तीन महिनापासून डावा हात भरी येस म्हने ती. आम्हले वाटनं, तार गुंडाळीसनी दुखी ऱ्हायना व्हई."

डावा हात. तेव्हा मला ती शेवभाजी आठवली. त्या दिवशी घास जात होता तो उजव्या हातानं. मी आज शपथेवर सांगू शकते, कारण सांडत होतं म्हणून मी त्या हाताकडेच बघत होते. माझ्यासमोर कधी हात न बदलणारी तू त्या दिवशी बदललास. का बदललास?

एक तर मी तुला परकी झाले होते. माइकवर तुला 'एक दुकान' म्हटलं, आणि तू मला बाहेरच्यांत काढलंस. बाहेरचं कोणी आलं की हात बदलायचा, तसा बदललास, सांडत सांडत जेवलीस, आणि मी वर चिडवलं. नाहीतर मग तुझा डावा हात दुखत होता. हृदयाचं दुखणं हातात उतरतं हे मी दरवर्षी वर्गात शिकवते, आणि ती खूण माझ्यासमोर पेपरवर सांडत होती. पहिलं खरं असेल तर मी तुला दुखावलं आणि तू तशीच गेलीस. दुसरं खरं असेल तर मी तुझी घरचीच राहिले, पण मग तुला दवाखान्यात न्यायला हवं होतं ते मी नेलं नाही. मनात येतं, हातच दुखत होता असं तू म्हणावंस. दुसऱ्या क्षणी वाटतं, नको, रागावली होतीस असंच म्हण. मी काय मागतेय तेच मला कळत नाही. मनीषाला विचारलं, तिला माहीत नाही. नानाभाऊंना विचारायचा धीर झाला नाही.

बंब आता माझ्या घरी आहे. तारा तुझ्या म्हणण्याप्रमाणे जोडलेल्या, फिती तशाच ठेवल्यात. आज दुपारी जेवण झाल्यावर खिडक्या लावून घेतल्या आणि टेबलावर दोन मेणबत्त्या लावल्या, सारख्या उंचीच्या. बंब डावीकडे वळला, उजवीकडे वळला, पुन्हा डावीकडे, आणि मधोमध थांबला. मी बटन दाबलं. पाणी दोन्हींच्या मधून गेलं आणि टेबलावर सांडलं.

तुझं बरोबर होतं, कोकिळा. त्यानं तरी काय करायचं? मी बाटली पुन्हा भरली आणि दोन्ही जळत असताना समोर बसून राहिले.